लाल बादलीची पिल्लं

"तीऽ ती ती ती! या गो माझ्या बायांनो, या!"

बनूबाईनं मूठभर कण्या अंगणात भिरकावल्या आणि खोक्यावरचा साडीचा पडदा सर्रकन वर केला. पिल्लांची पाचवी झाली होती. आता ती उजेडात येणार, अंगणभर धावणार, तिच्या पायांत लुडबुडणार! पिवळे, तपकिरी, काळ्या ठिपक्यांचे कापसाचे गोळे धडपडत बाहेर आले आणि थबकले. बनूबाई उकिडवी बसली, तिनं दोन्ही हात पसरले.

एकाही पिल्लानं तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही.

अंगणाच्या मधोमध नळ होता आणि नळाखाली लाल प्लास्टिकची बादली भरत होती. ती भरली तशी मोतीबाईनं उचलली आणि कमरेत एका बाजूला झुकून ती आपल्या दाराकडं निघाली. झालं! कुणीतरी शिट्टी वाजवावी तशी सगळी पिल्लं माना पुढं काढून, चिवचिवाट करत मोतीबाईच्या मागं लागली. ती थांबली की थांबत, चालली की चालत. शाळेची सहलच जणू.

बनूबाईचे हात पसरलेलेच राहिले.

"अहो, ऐकलं का! बाहेर या! माझी पोरं पळवली तिनं!"

दौलतराव अर्ध्या गालाला साबण लावून ओटीवर आले. "कुणी पळवली?"

"कुणी म्हणून काय विचारता! या अंगणात दुसरं हाय कोण?"

दौलतरावांनी पिल्लं पाहिली, मोतीबाई पाहिली, आणि उरलेल्या गालाची दाढी करायला ते शहाण्या माणसासारखे आत निघून गेले.

मोतीबाई म्हणजे बनूबाईची धाकटी जाऊ. बदलापूर गावातल्या त्या घरात दोन भावांनी मधे भिंत घातली, तेव्हा चुली दोन झाल्या, पण अंगण आणि नळ एकच राहिला. त्यावरून दोघींत कधी वाजलं नाही. वाजलं ते एका कोंबड्यावरून.

शेटजी त्याचं नाव. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला एक कापडवाला जसा पोट पुढं काढून दुकानाबाहेर येरझाऱ्या घालायचा, अगदी तसा हा अंगणात चालायचा, म्हणून बनूबाईनं त्याला ते नाव ठेवलेलं. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मोतीबाईकडं अचानक पाहुणे आले. तिचा नवरा नाथा अंधारात झाडाखाली गेला, आपला समजून हाताला लागला तो कोंबडा धरून आणला. रात्री मोतीबाईनं रिवाजाप्रमाणं भिंतीपलीकडं रश्शाचा वाडगा धाडला. बनूबाईनं बोटं चाटून खाल्लं, वर निरोप पाठवला, "रस्सा झकास झालाय, अजून वाटीभर दे." सकाळी गावात सगळे कोंबडे आरवले, शेटजी आरवला नाही.

त्या दिवसापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. म्हणजे बोलत होत्या, भरपूर बोलत होत्या, पण मधे कुणीतरी लागायचं. बहुतेक वेळा मोतीबाईची पोरगी किर्ती, ती नसली तर शेळी, आणि शेळी चरायला गेली असली तर भिंत.

बनूबाईला कोंबडा म्हणजे नुसता कोंबडा नव्हता, हे समजायचं तर तिचं सासरी येणं सांगायला हवं. बारवीकडच्या एका वाडीतून ती लग्न होऊन आली, तेव्हा आईनं तिच्या मांडीवर एक टोपली ठेवली होती. टोपलीत कोंबडी. भांडी नाहीत, पाट नाही, एक कोंबडी. बैलगाडीत वाटभर ती नव्या नवरीच्या शालूत चोच खुपसत होती. त्या एका कोंबडीच्या लेकीनातींची अंडी पेंढ्यात घालून बनूबाई कॅम्प चारच्या बाजारात न्यायला लागली. "साईं, देसी अंडा है, अभी अभी दिया है, हाथ लगाके देखो, गरम है!" सिंधी दुकानदारांशी बोलता बोलता तिच्या तोंडात 'साईं' असा बसला की घरी सासऱ्यालाही ती एकदा "साईं, जेवायला चला" म्हणून गेली. दौलतरावांची अंबरनाथची कंपनी मधेच महिनोन्‌महिने बंद पडायची, तेव्हा घर या कोंबड्यांनीच चालवलं. गावात चार बनूबाया होत्या, पण 'कोंबडीवाली' म्हटलं की पत्ता सांगावा लागत नसे.

मग दोन हजार पाचच्या जुलैत उल्हास नदी घरात शिरली. माणसं माळ्यावर चढली, खुराडं वाहून गेलं. पुढच्या वर्षी बर्ड फ्लूची बातमी आली आणि भीतीनं आळीतल्या उरल्यासुरल्या कोंबड्याही लोकांनी काढून टाकल्या. अंडी उबवत खुडूक बसायला आख्ख्या आळीत एक कोंबडी राहिली नाही. बनूबाईचं अंगण पहिल्यांदा मुकं झालं. सकाळी उठून ती रिकाम्या अंगणात कण्या टाकायची, चिमण्या यायच्या, आणि ती चिमण्यांवर खेकसायची.

दौलतरावांनी अंगणाच्या कडेला जाळीचं नवं खुराडं उभारलं, आणि दिवाळी झाल्यावर बचत गटातून पिल्लं आली! आदल्याच दिवशी मशीनमधे फुटलेली, आई न बघितलेली. बनूबाईनं खोकं छातीशी धरून घरी आणलं. कुणी सांगितलं की नुसता बल्ब लावा आणि पाणी ठेवा. तिला ते पटेना. आईविना आलेली लेकरं, ती जास्तच जपायला हवीत. तान्ह्या बाळाला पाचवीपर्यंत परक्याच्या नजरेपासून झाकून ठेवतात ना? सटवाई येते, कपाळावर लिहून जाते, तोवर लेकराला कुणी बघायचं नसतं. मग पिल्लांनी काय पाप केलं? तिनं पडवीच्या कोपऱ्यात खोकं ठेवलं, वर बल्ब टांगला, समोर जुन्या साडीचा पडदा सोडला. आईचीच नजर आधी लागते असं तिची आई मानायची, म्हणून बनूबाई स्वतःसुद्धा तोंड दाखवत नसे. पडद्याखालून हात सरकवायचा, कण्या ठेवायच्या, पाणी ठेवायचं, हात मागं.

आणि एवढं सगळं करून पिल्लं निघाली मोतीबाईच्या मागं!

किर्ती कॉलेजला निघालेली. खांद्याला पिशवी, तोंडात पोळीचा घास. ती दारात आली तोच तिच्यावर दोन्हीकडून तोफा सुरू झाल्या.

"किर्ते, तुझ्या आयशीला विचार, माझ्या पिल्लांना काय खायला घातलं तिनं?"

"आई, काकी विचारतेय..."

"बहिरी नाय मी. तुझ्या काकीला सांग, मला उद्योग कमी नायत. पिल्लांना माणूस कळतं म्हणावं."

"काकी, आई म्हणते..."

"ऐकलं! तिला म्हणावं, माणूस कळत असतं तर पिल्लं जीव घेऊन उलटी पळाली असती. काहीतरी करणी हाय ही. रात्रीची पडवीत आलेली असणार."

"मी? तिच्या पडवीत? त्या पडवीत उंदीर जात नाय!"

"किर्ते, सांग तिला, उंदीर येतात! दोन पायांचेसुद्धा येतात!"

किर्तीचं या निरोपांकडं लक्षच नव्हतं. ती पिल्लांकडं बघत होती. घास तोंडातच राहिला, पिशवी खांद्यावरून घसरून धपकन खाली पडली, आणि ती तशीच ओल्या अंगणात मांडी ठोकून बसली.

"कुणी हलू नका! आई, तू चार पावलं चाल. आता थांब. आता परत ये. अय्यो! काकी, बघ, बघ!"

"काय बघू? माझी लुटालूट?"

"अगं काकी, माझा सेमिनार आहे सोमवारी! गेले तीन आठवडे मी हेच वाचतेय, झेरॉक्सवर झेरॉक्स, डोळे फुटायची वेळ आली, आणि ते सगळं इथं आपल्या नळावर चाललंय!"

किर्ती उल्हासनगरच्या कॉलेजात एम.एस्सी. करत होती. काय करते म्हणून विचारलं की मोतीबाई सांगायची, "डाक्टरकीसारखंच, पण सुई नाय टोचत." त्या दिवशी किर्ती कॉलेजला गेली नाही.

दुपारपर्यंत बनूबाईच्या रागाची पार भीती झाली. मोतीबाई दार लावून आत गेली की पिल्लं तिच्या उंबऱ्यापाशी ढीग करून ओरडत बसायची. कण्या टाकल्या, खात नव्हती. धरून डालग्याखाली घातली, तर डालग्याची कड उचलली रे उचलली की पुन्हा पांगापांग. त्या गडबडीत कावळा आला आणि एक ठिपक्यांचं पिल्लू तिच्या डोळ्यांदेखत उचलून आंब्यावर गेला. बनूबाई दगड घेऊन झाडाखाली उभी राहिली, पण दगड मारला नाही. मारून काय उपयोग होता?

पिल्लं आईच्या मागं खुराड्यात जातात, आईच्या पंखाखाली दडतात, म्हणून जगतात. ज्यांना आपलं कोण हेच माहीत नाही, ती उघड्या अंगणात आठवडाभर टिकायची नाहीत. आणि ही गेली की पुन्हा चिमण्या.

संध्याकाळी ती ओटीवर गुडघ्यात मान घालून बसली होती. किर्ती येऊन शेजारी टेकली.

"काकी, करणी नाही गं."

"मग काय?"

"सांगते. पण मधे बोलायचं नाही."

"मी कधी बोलते मधे?"

किर्तीनं खोल श्वास घेतला. तिचे डोळे लकाकत होते. "मेंदूत बारीक बारीक पेशी असतात. एक पेशी दुसरीला निरोप धाडते. त्या निरोप्याचं नाव ग्लुटामेट. तो जातो आणि दुसऱ्या पेशीच्या दारावर थाप मारतो. त्या दाराला रिसेप्टर म्हणायचं, मराठी पुस्तकात ग्राही म्हणतात. काही दारं सरळमार्गी. थाप पडली की उघडली. पण एक जात आहे ना, तिच्या वाटेत बूच बसलेलं असतं, मॅग्नेशियमचं. बाहेरून कितीही थापा मारा, ढिम्म हलत नाही. बाहेरून थाप आणि त्याच वेळी आतूनही पेशी जागी होऊन धक्का देतेय, असं दोन्ही एकदम झालं, की बूच उडतं! फटाक! आणि आत कॅल्शियम शिरतं. ते शिरलं की पेशी म्हणते, हे काहीतरी महत्त्वाचं दिसतंय, हे धरून ठेवायचं."

"म्हणजे बाहेरचा आणि घरातला, दोघांचं एकमत झालं तरच दार उघडायचं?"

"करेक्ट! आता मजा ऐक. लहानपणी ही दारं वेगळ्या घडणीची असतात. उघडली की पटकन मिटत नाहीत, सावकाश मिटतात. म्हणून तान्हा मेंदू भराभर शिकतो, समोर येईल ते घेतो. मग वय वाढतं तशी ती दारं काढून दुसरी बसवली जातात, चटकन मिटणारी. उंदरांत बघितलंय हे, मांजरांत बघितलंय. मांजराचं पिल्लू अंधारात वाढवलं तर हे बदलणंसुद्धा लांबतं. जसं काही मेंदू म्हणतो, अजून काही बघितलंच नाही, इतक्यात दारं कशी बदलू?"

"आणि कोंबडीचं पिल्लू?"

"त्याचं तर विचारूच नको! अंड्यातून आल्यावर पहिल्या एकदोन दिवसांत समोर जे हलताना दिसेल, ती आई. ते मनात बसलं की मेंदूच्या डाव्या बाजूला एका ठराविक जागी हीच बुचाची दारं वाढतात. मोजलीत लोकांनी! दारांची घडण तिथंही अशीच बदलते का, पूर्ण कळलेलं नाही. पण आई ठरते ती तिथं."

बनूबाई कुडाच्या भिंतीकडं बघत राहिली.

"म्हणजे सटवाई लिहिते ते खरंच."

"लिहिते. पण जे दिसेल तेच लिहिते."

"आणि मी तर..." बनूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "मी पडदा लावून बसले. माझं थोबाडच दाखवलं नाय त्यांना! मग तुझी आई दिसली कुठनं? तीही पडवीत आलेली नाय म्हणते ना?"

दोघी एकदम उठल्या. पडवीत शिरल्या. किर्ती जमिनीवर आडवी झाली, खोक्याच्या मागच्या, हवेसाठी ठेवलेल्या जाळीला गाल लावला आणि ओरडली, "काकी, खाली ये! इथून बघ!"

बनूबाईही आडवी झाली. पुरानं कुडाचा खालचा भाग खाल्ला होता. जमिनीलगत हातभर रुंद फट पडली होती, आणि फटीतून बरोबर समोर नळ दिसत होता.

"झालं!" किर्ती टाळ्या पिटत होती. "आई दिवसातून दहा वेळा पाणी भरते. तीच दिसली! आई इज द मदर!"

"दात नको काढूस. माझी पोरं गेली."

"गेली काय? उद्या सकाळी प्रयोग करू. नीट, एकेक गोष्ट वेगळी काढून."

सकाळी अंगणात आळी जमली. किर्तीनं कुणाला बोलावलं नव्हतं, पण पिल्लांनी आई बदलली ही बातमी अंबरनाथच्या शिवमंदिरापर्यंत पोचली असती तरी नवल नव्हतं. बायका कठड्यावर, पोरं भिंतीवर. मोतीबाई नवी साडी नेसून बाहेर आली. रात्रभरात लेकीनं तिला काय सांगितलं कोण जाणे, पण तिच्या चालण्यात एक ऐट आली होती.

"किर्ते," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "तुझ्या काकीला सांग, वाईट वाटून घेऊ नको म्हणावं. जीव लावणाऱ्याला मुकी जनावरं ओळखतात."

बनूबाईनं दात खाल्ले. "किर्ते, सांग तिला, जीव लावायचा आणि मग शिजवायचा, असं काही घरांत असतं."

कठड्यावर खसखस पिकली.

"शांत! सगळे शांत!" किर्तीनं हात वर केला. "पहिला प्रयोग. आई, बादली नळाखाली ठेव. आता रिकाम्या हातानं चाल. सरळ दारापर्यंत."

बनूबाईनं खोक्याचं तोंड उघडलं. पिल्लं बाहेर आली. मोतीबाई झुलत झुलत चालली. एकदा मागं वळून तिनं गोड हसून पाहिलं.

मागं कुणी नव्हतं.

एक पिल्लू स्वतःची पाठ खाजवत होतं. दोघंतिघं कण्या टिपत होती. बाकीची नळाकडं टक लावून उभी.

"ती ती ती," मोतीबाई म्हणाली. जरा घाईनं म्हणाली. "अगो, ती ती ती! इकडं!"

काही नाही. भिंतीवरचं एक पोरगं खिदळलं.

किर्तीचंही तोंड उघडं पडलं होतं. "असं कसं? काल तर... थांबा, थांबा!" ती धावत आत गेली, कपडे वाळत घालायची दोरी सोडून आणली आणि बादलीच्या कडीला बांधली. दोरीचं दुसरं टोक घेऊन ती अंगणाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, शेळीच्या मागं जाऊन बसली. आळी श्वास रोखून बघत होती. दोरी ताणली गेली. बादली एकटीच, कुणी हात न लावता, खडखडत सरकली.

आणि पिल्लं धावली!

धावली म्हणजे काय, तुटून पडली! एकमेकांच्या अंगावरून, पायांत पाय अडकत, बादलीला चिकटून पळाली. बादली वळली की तीही वळत. बादली थांबली तशी तिच्या सावलीत घुसून, लाल प्लास्टिकला अंग घासत, बारीक सुखाचा आवाज काढायला लागली. आईच्या पंखाखाली काढतात तो. बनूबाईनं तो आवाज पुरानंतर पहिल्यांदा ऐकला. तिला हसू फुटलं.

"बादलीची! अहो, ऐकलं का! माझी पिल्लं बादलीची हायत!"

"अरे बापरे, खरंच की!" किर्ती शेळीमागून नाचतच आली. "फट जमिनीलगत! माणसाचं वरचं धूड दिसलंच नाही त्यांना, फक्त बादली येताना दिसली, जाताना दिसली! मी चुकले! काय भारी चुकले मी!"

सगळं अंगण हसत होतं, टाळ्या वाजवत होतं. हसत नव्हती ती फक्त मोतीबाई. ती तरातरा आली, दोरी सोडली आणि बादली उचलून छातीशी धरली. नवी साडी ओली झाली, तिला पर्वा नव्हती.

"किर्ते, तमाशा संपला असला तर मला पाणी भरायचंय."

बनूबाईचं हसू विझलं. "किर्ते... तिला म्हणावं, बादली जरा..."

"तुझ्या काकीला सांग, बादली माझ्या घरची हाय. ज्या घरात जीव लावून शिजवतात, त्या घरची. तिला कशाला पायजे?"

किर्ती निरोप न पोचवता दोरी गुंडाळायला लागली. बनूबाईला एक शब्द बोलायचा होता, थेट, समोर बघून. तो ओठांपर्यंत येत होता आणि परत जात होता. मोतीबाई बादली तशीच उंच छातीशी धरून नळाशी गेली. पिल्लं मधेच, उघड्या अंगणात, इकडं का तिकडं अशी फाकली.

तेवढ्यात एक सावली अंगणावरून सरकली.

बनूबाईनं वर पाहिलंही नाही. उभा जन्म कोंबड्यांत गेलेल्या बाईला घारीची सावली वेगळी ओळखावी लागत नाही. घार आंब्याच्या शेंड्याला वळसा घालून उतरायला लागली होती, आणि पिल्लं नुसती गोंधळून चिवचिवत होती. जवळ ना पंख, ना आडोसा.

"मोतेऽऽ!" बनूबाई जिवाच्या आकांतानं ओरडली. "मोते, बादली! खुराड्यात पळ! बादली घेऊन पळ!"

मोतीबाईनं एक क्षण तिच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांनी आपलं नाव ऐकून ती थक्क झाली असेल, पण पाय थांबले नाहीत. तिनं अर्धी भरलेली बादली तिथंच उपडी केली, जमिनीलगत हलवत, वाकून, साडी गुडघ्यांपर्यंत खोचत बनूबाईच्या नव्या खुराड्याकडं धूम ठोकली. मागं सगळी पलटण! बनूबाई दोन्ही हातांनी पदर फडकावत, शिव्या देत घारीखाली नाचत होती. भिंतीवरची पोरं हाहाकार करत होती. शेवटचं ठिपक्यांचं पिल्लू पाय घसरून पडलं, उठलं, पुन्हा पडलं. बनूबाईनं झेप घेतली, ते ओंजळीत उचललं आणि दारातून आत सोडलं. घार तिच्या अंबाड्यावरून वारा घालत वर गेली.

खुराड्याचं दार लागलं.

आळी ओरडत होती, किर्ती रडत आणि हसत होती. बनूबाई जाळीला टेकून धापा टाकत होती. आत मोतीबाई, अंगाची घडी करून, गुडघ्यांत बादली घेऊन बसलेली. पिल्लं बादलीभोवती घुसली होती. एक तिच्या खांद्यावर चढलं होतं.

"सगळी आली?" मोतीबाईनं आतून विचारलं.

"सगळी आली."

दोघी थांबल्या. किर्ती मधे नव्हती.

"जाऊबाई," मोतीबाई म्हणाली, "मी बाहेर कशी येऊ? मी बादली घेऊन निघाले की ही निघणार."

"बादली ठेवून ये."

"आणि उद्या पाणी कशात भरू? तुमच्या डोक्यात?"

"माझी पिवळी घे. तिच्यात दोन तांबे जास्त मावतात."

"कडी गेलीय तिची. माहीत हाय मला."

"कडी लावून देते. अजून काय पायजे, सांग."

मोतीबाईनं खांद्यावरचं पिल्लू हळूच उचलून खाली ठेवलं. "लगेच उठले तर बावचळतील. जरा बसते. पण गॅसवर डाळ ठेवलीय माझी, करपेल."

"तू बस. मी बघते."

बनूबाई मोतीबाईचा उंबरा ओलांडून आत गेली. शेटजी गेल्यापासून हे स्वयंपाकघर तिनं नीट पाहिलंच नव्हतं. डाळ उतू जायच्या बेतात होती. तिनं गॅस बारीक केला, डाव फिरवला, तळहातावर थेंब घेऊन चाखला. कपाळाला आठ्या पडल्या. खिडकीतून तोंड बाहेर काढून ती खुराड्याकडं ओरडली.

"मोते, मीठ घातलंयस का?"

"घातलंय! तुम्ही घालू नका!"

बनूबाईनं हातातली मिठाची चिमूट पाहिली. ती रिकामी झाली होती.

"आता घातलं!" ती म्हणाली.